बाबांची कॉन्टेसा आणि पंधरा मिनिटं

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज किल्ला नाही, लढाई नाही, सनावळी थोडीच आहे. आज एक गाडी आहे. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा क्लासिक, पेट्रोल, १९९० चं मॉडेल, फिकट निळी. ती आमच्या चिंचवडच्या बिल्डिंगखाली अजून उभी आहे आणि तिच्याबद्दल आमच्या घरात एक दंतकथा आहे. कोणत्याही लग्नात, बाराव्याला किंवा गणपतीच्या जेवणाला बाबा ती सांगतात. "चिंचवड ते दादर, अडीच तास. जुन्या हायवेने. एक्सप्रेसवे नव्हता तेव्हा!"

मी लहानपणापासून हे ऐकत आलोय. आता नोकरीत माझं निम्मं काम म्हणजे लॉग वाचणं. सर्व्हर म्हणतो मी ठीक होतो, लॉग सांगतो की रात्री तीन वाजता पडला होतास. त्यामुळे गेल्या दिवाळीत माळा साफ करताना बाबांची पेट्रोलची डायरी सापडली, तेव्हा माझे हात शिवशिवले. तारीख, किलोमीटरचं रीडिंग, किती लिटर, किती रुपये. मुंबईची फेरी असेल तर निघाल्याची आणि पोचल्याची वेळसुद्धा. भोसरीच्या छोट्या कारखान्यात ऑर्डर सांभाळणारा माणूस हिशोब ठेवणारच.

पण डायरीकडे जाण्याआधी हे बघू की कॉन्टेसा 'फास्ट' कशी काय? आजच्या हिशोबाने तिचं १.८ लिटरचं इझुझू इंजिन सुमारे ८८ हॉर्सपॉवरचं. एवढी ताकद आज साध्या हॅचबॅकमध्ये मिळते, आणि ती वजनाने हलकी असते.

थोडं मागे जाऊ. तेव्हा किती गाड्या बनवायच्या, बाहेरून कोणतं तंत्रज्ञान आणायचं, या सगळ्याला सरकारची परवानगी लागायची. रस्त्यावर मुख्यतः दोन गाड्या. एक कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी. दुसरी कोलकात्याजवळच्या उत्तरपाडाची ॲम्बॅसेडर. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसी, पन्नासच्या आसपास. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ती हलकी आणि चपळ होती, पण तिचीही ताकद चाळीसच्या आत.

कॉन्टेसा त्याच सुमारास, १९८४ ला बाजारात आली. अंगाने ती ब्रिटनची व्हॉक्सॉल व्हिक्टर. तिकडे १९७२ मध्ये आलेल्या आणि सत्तरच्या दशकातच बंद झालेल्या मॉडेलचे साचे हिंदुस्थान मोटर्सने आणले होते. आतमध्ये मात्र ॲम्बॅसेडरचंच पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन. म्हणजे पैलवानाचा देह आणि शाळकरी पोराचा दम. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी करार व्हायला लागले. तेव्हा कॉन्टेसाला इझुझूचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले. पन्नासचे थेट अठ्ठ्याऐंशी. ज्याने आयुष्यभर फियाट चालवली, त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल विचार करा. 4जी नसताना एकदम 5जी!

तेव्हा ही गाडी डायरेक्टर लोकांची आणि मंत्र्यांची. बाबांच्या हाती ती आली १९९५ मध्ये. नव्या गाड्या बाजारात येत होत्या, तेव्हा मुंबईच्या एका कंपनीने आपल्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या. बाबा तेव्हा अठ्ठावीसचे. माझ्या आत्ताच्या वयाचे. आजी म्हणाली होती, "हत्ती आणलास, आता चारा कुठून आणणार?"

आता रस्ता. जुना मुंबई-पुणे हायवे बऱ्याच ठिकाणी दुपदरी होता. येणारे आणि जाणारे एकाच डांबरावर, मध्ये दुभाजक नाही. देशाचा अर्धा माल जणू त्याच रस्त्याने चाललाय असं वाटावं एवढे ट्रक. अशा रस्त्यावर गाडीचा टॉप स्पीड किती आहे याला काही अर्थ नसतो, कारण तो गाठायला मोकळी जागाच नसते. इथे एकच प्रश्न असतो. पुढचा ट्रक पार करताना तुम्ही समोरच्याच्या बाजूला किती सेकंद असता?

मी गणित करून बघितलं. ट्रक ४० च्या स्पीडने चाललाय. त्याच्या मागून निघून त्याच्या पुढे सुरक्षित यायला साधारण ४० मीटर जास्त कापावे लागतात असं धरू. तुमची गाडी जेमतेम ६० पर्यंत जात असेल, तर ७ सेकंदांच्या वर लागतात. तेवढ्यात तुम्ही १२० मीटर पुढे जाता. समोरून ६० ने येणारी गाडीसुद्धा १२० मीटर जवळ येते. म्हणजे २४० मीटर रस्ता मोकळा हवा. कॉन्टेसा ८० ला पोचत असेल तर साडेतीन सेकंद, आणि मोकळा रस्ता हवा फक्त १४० मीटर. शंभर मीटरचा फरक! फियाटवाला मागे धूर खात बसलाय आणि बाबा डिपर मारून निघून गेलेत. त्या काळच्या वेगाची मजा ही होती. काटा शंभरवर जाण्यापेक्षा इतरांना न दिसणारी फट आपल्याला दिसणं, यात ती होती.

आणि खरं सांगायचं तर त्या काळात वेगवान गाडी जास्त सुरक्षितही होती. समोरच्या बाजूला कमी वेळ म्हणजे धोका कमी. गणित बरोबर आहे. फक्त त्यात एक गोष्ट धरलेली नाही, चालवणारा माणूस. कमी जागा पुरते हे कळलं की तो कमी जागेतच घुसायला लागतो. जेवढी सुरक्षितता इंजिनने दिली, तेवढी तो खर्च करून टाकतो.

आता डायरी. मी सगळ्या नोंदी एका शीटमध्ये टाकल्या. दोन संध्याकाळी गेल्या. पहिला निकाल असा की अडीच तासांची नोंद नाही. एकही नाही! सगळ्यात जलद फेरी तीन तास दहा मिनिटं, तीही रात्रीची. अंतर साधारण १४० किलोमीटर, म्हणजे सरासरी ताशी ४४. दिवसाच्या फेऱ्यांची सरासरी तीन तास पन्नास मिनिटं. दंतकथेचा निकाल लागला. मी खूश. बाबांना पुढच्या लग्नात गाठायचं ठरवलं.

पण शीटमध्ये दुसरं काहीतरी दिसलं. गाडीचं ॲव्हरेज लिटरला आठच्या आसपास घुटमळत होतं, दोन वर्षं. मग अचानक साडेदहा. आणि तिथून पुढे कायम साडेदहा. एखाद्या सिस्टीममध्ये असा बदल दिसला की आम्ही एकच प्रश्न विचारतो. त्या दिवशी काय बदललं? कार्ब्युरेटर साफ केला असेल, टायर नवे असतील. डायरीत तसं काही नाही. तारीख होती नोव्हेंबर १९९७ ची. त्या फेरीच्या ओळीत पोचल्याची वेळ लिहिलेली नव्हती. बाबांनी सोडलेली ती एकमेव जागा.

मी विचारलं. बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज कमी केला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांगा की आता. मोठा झालाय तो."

आईला सातवा महिना होता. डोहाळजेवण झालं होतं आणि बाबा तिला दादरला माहेरी सोडायला निघाले होते. घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी आईने नाणं टाकलं. खोपोली गेलं, सपाट रस्ता लागला. चौकच्या पुढे एक ट्रक रेंगाळत होता. बाबांनी फट बघितली, चौथा गिअर टाकला आणि बाहेर काढली. बाहेर आल्यावर दिसलं की ट्रक एक नाही, दोन आहेत, एकमेकांना चिकटून. मध्ये शिरायला जागा नाही. आणि समोरून एसटी.

गणित पुन्हा करू. दोन ट्रक म्हणजे ४० ऐवजी साधारण ९० मीटर जास्त कापायचे. ८० च्या स्पीडने आठ सेकंद. मोकळा रस्ता हवा तीनशे मीटरच्या वर. बाबांनी हिशोब धरला होता त्याच्या निम्म्याचा.

"ब्रेक मारून मागे यायचं होतं," बाबा म्हणाले. "पण त्या गाडीची सवय होती ना. पाय ॲक्सिलरेटरवरच गेला."

एसटीच्या ड्रायव्हरने बस साइडपट्टीवर उतरवली. भरलेली बस, डावी चाकं खडीवर, बाहेर धुरळा. तीन गाड्या एका ओळीत, दोन पदरांच्या रस्त्यावर, आणि मधून आमची कॉन्टेसा निघाली. कुणाला ओरखडा नाही. पुढे अर्ध्या किलोमीटरवर बाबांनी गाडी थांबवली आणि बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले. आई म्हणते, ते रडत होते. बाबा म्हणतात, धूळ गेली होती डोळ्यांत.

"मी मागे वळून बघितलं तर बस निघून गेली होती," बाबा म्हणाले. "त्याचा चेहरासुद्धा बघितला नाही मी. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं."

त्यानंतर त्यांनी जुन्या हायवेवर ७० च्या पुढे गाडी नेली नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग थोडा उतरला तरी पेट्रोल बरंच वाचतं. शिवाय दर ट्रकमागे जोरात ॲक्सिलरेटर दाबणं थांबलं. म्हणून आठचे साडेदहा.

आणि मंडळी, मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा आकडा पुढे आहे. त्या दिवसानंतरच्या दिवसाच्या फेऱ्यांची सरासरी काढली. चार तास पाच मिनिटं. आधी तीन पन्नास. फरक पंधरा मिनिटं. दोन वर्षं त्या सगळ्या फटींमध्ये घुसून, सगळे डिपर मारून, बाबांनी दर फेरीला कमावलं ते एवढंच. कारण एक ट्रक मागे टाकला की पुढे दुसरा असतोच, आणि पनवेलला सगळे एकाच सिग्नलला भेटतात.

माझा जन्म जानेवारी १९९८ चा, दादरचा. म्हणजे त्या गाडीत आम्ही तिघं होतो.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि २००२ मध्ये पूर्ण झाला. साधारण ९५ किलोमीटर, सहा पदरी, मध्ये दुभाजक. ओव्हरटेक करताना आता कुणी समोरून येत नाही. त्याच वर्षी, २००२ मध्ये, कॉन्टेसाचं उत्पादनही थांबलं. घाटातला १८३० चा अमृतांजन पूल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला. २०२४ पासून एक्सप्रेसवेवर कॅमेरे वेग मोजून घरी चलन पाठवतात. मला स्वतःला दोन आलीत, बाबांना सांगितलेलं नाही. हा भाग त्यांनी ऐकला तर कळेल.

आता प्रश्न गाडीचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी फिटनेस तपासून नूतनीकरण. २०२२ मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, वर पर्यावरण कर वेगळा. 'व्हिंटेज' म्हणून नोंद करावी तर नियमाने गाडी पन्नास वर्षांची लागते, म्हणजे २०४०. बाबांना काचबिंदू आहे, ते आता चालवत नाहीत. भंगारवाल्याने बरा भाव सांगितला होता. आणि खरं सांगतो, चौकची गोष्ट ऐकल्यावर पहिल्यांदा मलाही वाटलं, जाऊ दे ही गाडी.

मग एका रविवारी आम्ही तिला बाहेर काढलं. मी चालवायला, बाबा शेजारी, आई मागे. जुन्या रस्त्यानेच गेलो. चौकच्या पुढे बाबांनी हात करून थांबायला सांगितलं. तिथे आता धाबे आहेत, गोडाऊन आहेत, ओळखीचं काही नाही. तेवढ्यात एक एसटी गेली. बाबांनी तिला हात केला. कुठल्या तरी पोराने खिडकीतून उलटा हात केला. एवढंच.

परतताना पेट्रोल भरलं. बाबांनी डायरी सोबत आणली होती. मी भागाकार केला. अकरा पॉइंट दोन.

"मला कधी मिळालं नाही एवढं," बाबा म्हणाले आणि डायरी माझ्याकडे दिली. "वेळ पण लिहीत जा. खरी लिही."

नूतनीकरणाचा अर्ज भरलाय.

तुमच्या घरी अशी डायरी, लॉगबुक किंवा पंपाच्या पावत्यांचा गठ्ठा असेल तर रद्दीत देऊ नका. आणि वडील, काका, मामा जेव्हा सांगतील की अडीच तासांत पोचलो होतो, तेव्हा हसू नका. शेजारी बसा आणि विचारा, मग हळू चालवायला कधीपासून लागलात?

भेटू पुढच्या भागात. सीटबेल्ट लावा!