लोखंडावरील तेज



आपल्या घरांतील जुनीं पितळी भांडीं आठवा. कल्हईवाला दारांत येऊन भाता मांडी, भांडें तापवी, त्यांत नवसागर टाकी आणि कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा असा कांहीं फिरवी कीं, क्षणापूर्वीं काळवंडलेलें पातेलें आंतून चांदीसारखें दिसूं लागे. मुलें त्या चमत्काराकडे पाहत. गृहिणीचें लक्ष दुसरीकडे असे. कल्हई गेलेल्या भांड्यांत ताक कळकतें, हें तिला ठाऊक होतें. धातूवर धातूचा थर चढवावयाचा तो रूपासाठीं कीं रक्षणासाठीं, हा प्रश्न इतका जुना आहे. मोटारसायकलीच्या आरशासारख्या चकाकणाऱ्या भागांची जी हकीगत मी आज सांगणार आहें, तींत आणखी एक प्रश्न येतो. तो म्हणजे, हा थर चढविणाऱ्या माणसाचें काय होतें?

विजेच्या साह्यानें मुलामा देण्याची कला फार जुनी नाहीं. व्होल्टानें १८०० सालीं आपली विद्युत्-राशि जगापुढें मांडली आणि १८०५ सालीं इटलींतील ब्रुन्यातेल्ली यानें तिच्या प्रवाहानें चांदीच्या पदकांवर सोनें चढवून दाखविलें. पुढें १८४० सालीं बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं पेटंट घेऊन या कलेचा मोठा धंदा केला. आपल्याकडे तिला 'गिलीट' म्हणूं लागले. मोटारसायकली आल्या तेव्हां त्यांच्या वाट्यास निकेलचें गिलीट आलें. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफनें आपल्या 'ब्रफ सुपीरियर' गाड्यांच्या पेट्रोलच्या टाकीवरहि निकेल चढविलें, आणि ती टाकीच त्या गाडीची ओळख होऊन बसली. निकेलची झांक किंचित् पिवळसर असते. कित्येक जाणकारांना ती क्रोमपेक्षां अधिक आवडते, आणि मीहि त्यांच्यांतलाच. परंतु निकेल हवेंत मंद होतें, तें वरचेवर घांसावें लागतें. ज्या घरांत चिंचेनें देव उजळतात तेथें हें दुःख निराळें सांगावयास नको.

क्रोमियमला हें दुःख नाहीं. १७९७ सालीं वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञास सैबीरियांतून आलेल्या शिशाच्या एका तांबड्या खनिजांत हा नवा धातु सांपडला. त्याचे क्षार हिरवे, पिवळे, नारिंगी असे नाना रंगांचे. म्हणून 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. पाचूचा हिरवेपणा आणि माणकाची लाली हीं दोन्हीं त्याचींच देणीं. रंगांवरून नांव मिळालेला हा धातु पुढें रंगहीन झळाळीसाठीं प्रसिद्ध व्हावा, ही गंमतच म्हणावयाची! हवा लागतांच त्याच्यावर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि तोच त्याचें तेज राखतो.

बुन्सेननें १८५४ सालीं विजेच्या प्रवाहानें हा धातु द्रावणांतून वेगळा केला. पण कारखान्यांत चालेल असा हुकमी थर येण्यास आणखी सत्तर वर्षें जावीं लागलीं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत कॉलिन फिंक व चार्ल्स एल्ड्रिज यांनीं १९२४ च्या सुमारास तें साधलें. क्रोमिक आम्लाच्या द्रावणांत शंभर भागांस सुमारें एक भाग सल्फेट असावें, एवढीच काय ती किल्ली! हें प्रमाण चुकलें कीं थर बिघडतो. फिंकला १९२६ सालीं पेटंट मिळालें आणि थोड्याच वर्षांत मोटारी, मोटारसायकली, स्नानगृहांतील नळ यांवर क्रोम दिसूं लागलें. शोभेचा हा थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याहि निम्म्याहून पातळ असतो. गंज थोपवितो तो त्याच्या खालचा निकेलचा जाड थर. मिरवतें तें क्रोम, राबतें तें निकेल.

आतां त्या कुंडाकडे वळूं. त्यांत सोडलेल्या विजेचा फार थोडा अंश, शंभरांत दहा-वीस भाग, धातु चढविण्याच्या कामीं येतो. बाकीची बहुतेक वीज पाण्यांतून हैड्रोजन वायु काढण्यांत खर्च होते. त्या वायूचे बुडबुडे पृष्ठभागीं येऊन फुटतात आणि प्रत्येकाबरोबर क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेंत उडतात. कुंडापाशीं उभा असलेला कामगार तेच तुषार श्वासाबरोबर आंत घेतो. क्रोमियमच्या क्षारांनीं कातडीवर खोल व्रण पडतात, हें ग्लासगोच्या कमिन नांवाच्या डॉक्टरानें १८२७ सालींच लिहून ठेविलें होतें. पुढें कामगारांच्या नाकांतील पडद्यास भोकें पडतात हेंहि दिसून आलें, आणि तीं बहुधा दुखत नाहींत, त्यामुळें माणसास पत्ताहि लागत नाहीं. १९९० सालीं कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें सहा संयुजांच्या अवस्थेंतील क्रोमियम हें मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणारें द्रव्य ठरविलें. येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. चाकाच्या रिमवर बसलेलें धातुरूप क्रोमियम निरुपद्रवी आहे. गाडीवाल्यानें खुशाल हात लावावा. विष राहतें तें कुंडांत, सांडपाण्यांत आणि कामगाराच्या छातींत.

म्हणून युरोपीय संघानें सप्टेंबर २०१७ पासून अशा क्रोमिक आम्लाचा वापर परवान्यावांचून बंद केला, आणि कॅलिफोर्नियानें २०२३ सालीं शोभेच्या कामांतून तें टप्प्याटप्प्यानें काढण्याचा नियम केला. तीन संयुजांच्या, पुष्कळ कमी घातक अशा क्रोमियमचीं कुंडेंहि आलीं आहेत. त्यांची झांक जरा काळसर. दुसरी वाट भुकटीची.

जर्मनींत एर्विन गेमर यानें १९५० नंतरच्या दशकांत ही वाट उघडली. राळेच्या भुकटींतून खालून हवा सोडली कीं ती पाण्यासारखी उकळूं लागते. तींत तापविलेला लोखंडी भाग बुडविला कीं भुकटी त्यावर वितळून बसते. १९६० नंतर भुकटीवर विजेचा भार देऊन ती बंदुकीसारख्या यंत्रानें उडविण्याची रीत निघाली. केंसांवर घांसलेली फणी कागदाचे कपटे ओढते, तशीच ही भुकटी जमिनीशीं जोडलेल्या धातूवर जाऊन चिकटते. मग तो भाग भट्टींत सुमारें १८० ते २०० अंश उष्णतेंत ठेवला कीं राळ वितळून, पसरून, घट्ट होते. उडून जाणारें द्रावक त्यांत नसतें, आणि खालीं पडलेली भुकटी पुन्हां वापरतां येते.

या भुकटींत अॅल्युमिनियमचे चपटे कण मिसळले कीं क्रोमसारखी चकाकी येते. 'सारखी' हाच शब्द येथें महत्त्वाचा. आरसा म्हणजे प्रकाशाच्या लहरींहूनहि सपाट असें पृष्ठ. भुकटींतील कण छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक पसरतात. कितीहि नीट पसरले तरी किरण थोडे विखुरतात, आणि राळेचा जाड थर पाहिला तर तो संत्र्याच्या सालीसारखा किंचित् लहरी असतो. शिवाय वरचे कण उघडे ठेवावे तर ते बोटाला लागतात, हवेंत काळवंडतात; त्यांवर पारदर्शक थर द्यावा तर झळाळी उतरते. कारागिराची खरी पंचाईत ही. कोणी खालीं तुळतुळीत काळा थर देऊन हें व्यंग झांकतात. कोणी भुकटीच्या गुळगुळीत थरावर निर्वात पेटींत धातूची वाफ बसवितात आणि वर पारदर्शक कवच देतात. तें रूप खऱ्या क्रोमच्या अगदीं जवळ जातें, पण खर्चहि तसाच.

चाकाचे रिम, मडगार्ड, टाकी यांना साधी भुकटी मला पुरेशी वाटते. दहा हात अंतरावरून फरक कळत नाहीं, आणि जवळून कळला तरी चालेल. सायलेन्सरच्या नळीपाशीं मात्र तिचें कांहीं चालत नाहीं. इंजिनाजवळ ती नळी शेंकडों अंश तापते आणि साधी राळ पिवळी पडून जळते. तेथें अद्याप क्रोमच लागतें, आणि तेंहि थोडी धांव झाली कीं उष्णतेनें सोनेरी-निळें होऊन जातें.