करडईचे तेल व मर्यादेचा प्रश्न

मराठवाड्यात स्निग्ध पदार्थांच्या मर्यादेचा प्रश्न प्रथम आरोग्यशास्त्राने उपस्थित केला, असे समजणे बरोबर होणार नाही. नांदेड-लातूरकडील काळ्या रानात रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरण्याची जुनी वहिवाट होती. तिच्या काट्यांमुळे गुरे पिकात शिरत नसत आणि खोल मुळांमुळे कोरड्या वर्षीही थोडेफार बी हाती लागे. कोवळ्या पानांची भाजी होई, बी तेल्याच्या घाण्यावर जाई, पेंड जनावरांना मिळे. भाकरी-चटणीवर कच्चे तेल घेण्याची चाल होती खरी. पण ते पळीच्या मापाने. ही मर्यादा टंचाईची होती. तिला पथ्य म्हणणे हा मागाहून केलेला गौरव होय.

पुढे याच तेलास वैद्यकीय प्रतिष्ठा लाभली. १९२९ साली अमेरिकेतील बर दांपत्याने उंदरांवरील प्रयोगांतून काही स्निग्धाम्ले शरीरास अत्यावश्यक असल्याचे दाखविले. त्यांतील प्रमुख जे लिनोलेइक आम्ल, ते करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात शेकडा ७० हून अधिक असते. त्याने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते असे १९५० नंतरच्या दशकात दिसून आले, आणि करडई हृदयास हितकर ठरली.

या समजाची कसोटी सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात लागली. हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटास प्राणिज स्निग्धांऐवजी करडईचे तेल व त्याचे कृत्रिम लोणी देण्यात आले. कोलेस्टेरॉल उतरले, परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीनुसार त्या गटात शेकडा १७.६, तर दुसऱ्यात ११.८ मृत्यू घडले होते. एवढ्यावरून करडईस विष ठरविणे उतावीळपणाचे होईल. प्रयोग लहान होता, माणसे आजारी होती, आणि तेलाची मात्रा आपल्याकडील पळीहून पुष्कळ मोठी होती. शिवाय आपल्या स्वयंपाकघरात करडईच्या जोडीला जवसाची चटणी असे. करडईत जवळजवळ नसलेले अल्फा-लिनोलेनिक आम्ल जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास असते.

तेल कोणतेही असो, एका ग्रॅममागे उष्मांक ९ च. म्हणून २०१० च्या भारतीय शिफारशींत बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला २५ ग्रॅम, स्त्रीस २० ग्रॅम, तर कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषास ४० ग्रॅम दृश्य स्निग्धांश सुचविला आहे. शेतमजुराची मर्यादा व कारकुनाची मर्यादा एक नव्हे, हे येथे महत्त्वाचे. ज्याला तेल परवडत होते त्याचे श्रम कमी, आणि ज्याचे श्रम अधिक त्याच्या वाट्यास ते बेताचेच, ही या प्रदेशातील जुनी विसंगती. पुढे सोयाबीन पसरले व करडईच्या ओळी विरळ झाल्या. तेल आता बहुधा बाजारातील पिशवीतून घरात येते.