'कू' म्हणजे नक्की काय रे भाऊ?

मध्यंतरी एका सोमवारी ऑफिसात मेल आली. आमच्या प्रोजेक्टचा मॅनेजर बदलला होता. शुक्रवारी त्याच्यासोबत हसत चहा पिणारा दुसरा मॅनेजर आता त्याच्या खुर्चीत! शेजारचा मित्र हळूच म्हणाला, "कूप झाला रे!" मी सवयीप्रमाणे शहाणपणा केला, "कूप नाही, कू. फ्रेंच लोक शेवटचा 'पी' खातात." त्यावर त्याने विचारलं, "बरं, मग मराठीत काय म्हणायचं?"

झालं! मी अडकलो.

लष्करी उठाव? ऑफिसात कुठलं आलंय लष्कर. बंड? ते खालचे लोक वरच्यांविरुद्ध करतात. सत्तापालट? तो तर निवडणुकीनेही होतो. शेवटी वीकेंड या एका शब्दावर घालवला.

पूर्ण शब्द 'कू देता'. 'कू' म्हणजे तडाखा आणि 'एता' म्हणजे राज्यसंस्था. 'कू'चं मूळ लॅटिनमधून ग्रीकपर्यंत जातं आणि तिथे अर्थ निघतो ठोसा, चपराक. म्हणजे राज्यसंस्थेची चपराक. राज्यसंस्थेला नव्हे, राज्यसंस्थेची! गंमत इथेच आहे.

१६३९ मध्ये गाब्रिएल नोदे नावाच्या फ्रेंच ग्रंथपालाने या विषयावर एक पुस्तकच लिहिलं. त्याच्या लेखी 'कू देता' म्हणजे राज्याच्या हितासाठी राजाने कायदा बाजूला ठेवून, गुपचूप आखून केलेला घाव. त्याचं एक ठळक उदाहरण कुठलं, तर ऑगस्ट १५७२ मधली पॅरिसमधली प्रोटेस्टंटांची कत्तल. आणि हे तो निषेध म्हणून नाही, समर्थन म्हणून सांगतो. वाचून अंगावर काटा आला.

पुढे शब्दाची बदनामी झाली ती नेपोलियन घराण्यामुळे. १७९९ मध्ये काकाने सैनिक घालून लोकप्रतिनिधींचं सभागृह रिकामं केलं. पुतण्या लुई नेपोलियन तर रीतसर निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष होता. राज्यघटनेप्रमाणे त्याला लगेच दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं आणि घटनादुरुस्तीही फसली. मग २ डिसेंबर १८५१ च्या पहाटे त्याने विरोधी पुढाऱ्यांना अंथरुणातून उचललं, संसद बरखास्त केली, सरकारी छापखान्यात रातोरात छापलेली पत्रकं भिंतींवर लावली. पुढे सुमारे २७ हजार लोकांवर कारवाई झाली. त्याच महिन्यात जनमत घेतलं, ७४ लाखांहून जास्त होकार! बरोबर वर्षाने साहेब सम्राट झाले.

आता याला 'सत्तापालट' कसं म्हणणार? खुर्चीवरचा माणूस तोच होता. पालटली ती फक्त खुर्ची.

विसाव्या शतकात मात्र शब्दाचं चित्र ठरून गेलं: रणगाडे, रेडिओ स्टेशन, गणवेशातला जनरल. चिली १९७३, पाकिस्तान १९९९. आपल्या पेपरांनी 'लष्करी उठाव' हा शब्द घेतला आणि अर्थ चक्क उलटा झाला. 'उठाव' म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं, दबलेली माणसं आठवतात. इथे तर उठणारा आधीपासूनच वर बसलेला असतो!

शब्दाला किती धार असते बघा. जुलै २०१३ मध्ये इजिप्तच्या सैन्याने निवडून आलेले अध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. अमेरिकी कायद्यानुसार असा 'कू' झाला की मदत थांबवावी लागते आणि इजिप्तला वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत जात होती. ओबामा सरकारने काय करावं? 'कू' झाला की नाही, हे ठरवायचंच नाही असं ठरवलं! म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता घेतल्यावर लष्कर म्हणालं, हे राज्यघटनेप्रमाणेच आहे, आणि वृत्तपत्रांनी 'कू' हा शब्द वापरू नये अशी ताकीदही दिली.

आपल्या भाषेत सांगायचं तर हॅकर बाहेरून भिंत फोडतो. 'कू' करणाऱ्याला फोडावं काहीच लागत नाही, त्याच्याकडे रूट पासवर्ड असतोच. म्हणून फायरवॉल कितीही भक्कम असली तरी इथे तिचा उपयोग शून्य. नजर ठेवायची ती आतल्यांवर, आणि मुख्य म्हणजे ते आपल्या कृत्याला काय नाव देतात त्यावर.

असो. मित्राला सोमवारी 'घरभेदी तडाखा' असा प्रतिशब्द सुचवला. तो म्हणाला, "हळू बोल, नवा साहेब मागेच उभा आहे."