‘डेल्टा’: आयफोनवर अवतरलेले जुने गेम

इम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर हुबेहूब घडवून आणणारी आज्ञावली. संगणकावर आणि अँड्रॉईडवर अशा आज्ञावल्या अनेक वर्षे सहज मिळत होत्या. ॲपलने मात्र ॲप स्टोअरचे दार त्यांना बंदच ठेवले होते. ५ एप्रिल २०२४ रोजी कंपनीने नियम शिथिल केले आणि १७ एप्रिलला रायली टेस्टट यांचा ‘डेल्टा’ तेथे विनामूल्य दाखल झाला. निन्टेंडोचे एनईएस, सुपर एनईएस, निन्टेंडो ६४, गेम बॉय, गेम बॉय ॲडव्हान्स आणि डीएस या यंत्रांवरील गेम त्यावर चालतात. जुलै २०२४ मधील १.६ या आवृत्तीने त्याला आयपॅडचीही जोड दिली.

टेस्टट यांचा हा पहिला प्रयत्न नव्हे. शाळकरी वयात त्यांनी ‘जीबीए फॉर आयओएस’ तयार केला होता. ॲप स्टोअरला वळसा घालून तो फोनवर बसवण्यासाठी लोक चक्क फोनमधील तारीख मागे नेत!

कायद्याचा प्रश्न मात्र नाजूक आहे. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यातील २००० सालच्या निकालाने इम्युलेटरला मोकळीक मिळाली, पण गेमवरील स्वामित्वहक्क कायम राहतो. म्हणूनच ‘डेल्टा’सोबत निन्टेंडोचा एकही गेम येत नाही, त्याची फाइल वापरणाऱ्यानेच आणायची. स्विच या तेव्हाच्या चालू यंत्राचा इम्युलेटर ‘युझू’ याच्या निर्मात्यांनी मार्च २०२४ मध्ये निन्टेंडोला २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम गुंडाळले, तेव्हा त्यातील जोखीम उघड झाली.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विक्रीतच नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले. अशा गेमसाठी पैसे मोजायची तयारी असली, तरी ते घ्यायचे कोणाकडून?

ॲपलची सूटही अर्धीच ठरली. गेमच्या आज्ञांचे चालता-चालता फोनच्या भाषेत रूपांतर करण्याचे ‘जेआयटी’ तंत्र ॲप स्टोअरवरील इम्युलेटरांना नाकारले गेले. त्याविना गेमक्यूब व वी यांचे गेम खेळण्याजोग्या वेगाने चालत नाहीत, असे सांगून ‘डॉल्फिन’च्या विकसकांनी २०२४ मध्ये आयफोनचा नाद सोडला.