एका दिवसाची श्री

डोळ्यांआधी नाकाला कळतं. ओली माती, लाकडाचा धूर, वाटलेली हळद आणि ताजं डुकराचं मांस. साल 1916, वार मंगळवार. तुम्ही बालीत आहात, गियान्यारजवळच्या एका गावात. उद्या गलुंगन. धर्माने अधर्माला हरवल्याचा हा सण 210 दिवसांनी फिरून येतो. पितर घरी उतरतात आणि दहा दिवसांनी, कुनिंगनला, परत जातात. पाहुणे वाटेवर आहेत, म्हणून अंगणात सगळ्यांची लगबग.

ओट्यावर बसलेली दादोंग, म्हणजे आजी, पानांचा भारा तुमच्यापुढे सरकवते. माडाच्या शेंड्यातली अजून न उलगडलेली झावळी. रंग ताकासारखा पिवळट, स्पर्श गार. आधी तिपात विणायचं, म्हणजे तांदूळ भरून शिजवायची चौकोनी पुडी. पाती पंजाभोवती गुंडाळायची, एक वरून, एक खालून, मग टोकं ओढायची. तुमची पुडी हातातच सुटते. दादोंग जीभ टाळूला लावून ‘चक्’ करते, पाती सरळ करते आणि पुन्हा तुमच्या हातात देते. तिसऱ्यांदा जमते.

मग ती लामाक करायला घेते. फिकट पाती शेजारीशेजारी ठेवून बांबूच्या बारीक काड्यांनी टाचते; लांबलचक पट्टी तयार होते. तिच्यावर जून, हिरव्या पानाची कातरलेली नक्षी. डोंगर, झाड, आणि मधोमध चिली: गोल चेहरा, पंख्यासारखा मुकुट, डमरूसारखी कंबर. ही भाताची देवी, देवी स्री. नाव ऐकून तुम्ही चमकता. आपलीच श्री, समुद्र ओलांडून भातखाचरात उतरलेली. रेघ आखलेली नाही, समोर नमुना नाही. सुरी फिरते तेव्हा दादोंगचं लक्ष तर चुलीकडे असतं.

बाहेर पुरुष पेंजोर उभारतात. घराहून उंच बांबू, शेंडा वाकलेला, अंगावर नारळ, भाताच्या लोंब्या, झावळीच्या झुली. त्याच्या पायथ्याच्या छोट्या देव्हाऱ्याला लामाक लटकतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढतं तशी चिलीची कड मुडपते. एखादी पट्टी जपून न्यावी म्हणून तुम्ही हात पुढे करता. दादोंग खो खो हसते. निउवेनकाम्प नावाचा डच चित्रकार 1904 मध्ये आणि पुन्हा 1906 मध्ये इथे आला होता. त्यालाही या नक्ष्या कागदावरच उतरवून न्याव्या लागल्या.

जानेवारी 1917. जमीन हादरते. हजाराहून अधिक माणसं दगावतात, देवळांचे दगड कोसळतात. पुढच्या गलुंगनला तुम्ही त्याच ओट्यावर आहात. समोरचं देऊळ अजून ढिगाऱ्यात. ते बांधायला दगड आणावे लागतील, पाथरवट लागतील, वर्षं जातील. दादोंगला एक माड पुरतो. दुपारपर्यंत चिली तयार होते, तीच कंबर, तोच मुकुट. मधल्या काळात ती कुठेही जपून ठेवलेली नव्हती, त्यामुळे पडायला काही नव्हतंच.

शंभराहून अधिक वर्षं ओलांडून तुम्ही बालीतल्याच उबुदच्या बाजारात उतरता. एक मुलगी पानं टाचते आहे. बांबूच्या काडीऐवजी स्टेपलर, मांडीवर मोबाइल. तिची नजर पडद्यावर. सुरी मात्र कमरेपाशी अचूक वळते.