सायकॉलॉजी ५ : दार उघडं, पण आत गेल्यावर काय?

अमेरिकेतलं शिक्षण म्हटलं की आपल्याकडं हार्वर्ड आणि एमआयटीच्या गप्पा होतात. पण तिथल्या कामगाराची, हॉटेलात राबणाऱ्याची, नुकत्याच देशात आलेल्या माणसाची पोरं बऱ्याचदा शिकतात ती गावातल्या कम्युनिटी कॉलेजात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फी कमी, कटऑफची भानगड नाही. दोन वर्षं नीट काढली की चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. या कॉलेजांत मानसशास्त्राचे वर्ग कायम भरलेले असतात. पण याच विषयाच्या नावाखाली तिथं एकेकाळी काय चाललं होतं, ते आपल्यालाही कामाचं आहे.

सुरुवात 1901 सालची. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावच्या हायस्कूलमध्ये सहा विद्यार्थ्यांना घेऊन पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज निघालं. त्यामागं दोन माणसं होती : हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. गावातल्या पोरांना गावातच शिकता यावं, हा एक हेतू. दुसरा हेतू असा, की पहिल्या दोन वर्षांचं ओझं बाहेरच्या बाहेर निघावं आणि विद्यापीठानं वरचं शिक्षण आणि संशोधन बघावं. म्हणजे गरिबाला आत घेणं आणि गर्दी बाहेर थोपवणं, ही दोन्ही कामं एकाच संस्थेच्या गळ्यात पहिल्यापासून पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही कॉलेजं फोफावली. 1944 च्या जीआय बिलानं परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला. 1947 मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगानं अशा कॉलेजांचं जाळं देशभर उभारा असं सांगितलं. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव तेव्हापासून रुळलं. 1960 मध्ये कॅलिफोर्नियानं आख्खी उतरंडच ठरवून टाकली. हायस्कूलचे वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठाला पात्र, वरचे एक तृतीयांश स्टेट कॉलेजांना पात्र, आणि ज्युनियर कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं.

त्याच 1960 साली बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानं सॅन होजे इथल्या ज्युनियर कॉलेजचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला काय दिसलं? आलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश पोरांना पुढं विद्यापीठात जायचं होतं. प्रत्यक्षात जात होते एक तृतीयांश. मधल्या एक तृतीयांशांचं काय झालं? त्यांना कुणी हाकललं नव्हतं. त्यांची समजूत काढली जात होती.

आधी प्रवेशाच्या वेळी चाचणी. मग ‘सायकॉलॉजी 5’ नावाचा एक छोटा, सक्तीचा कोर्स. नाव मानसशास्त्राचं, पण काम वेगळं. स्वतःची कुवत ओळखा, आवड तपासा, चाचणीतले गुण बघा आणि त्या हिशेबानं करिअर ठरवा. शिकवणारे समुपदेशकच. पोरगा इंजिनियर व्हायचं म्हणाला, तर त्याच्यापुढं त्याचे गुण ठेवायचे. ‘नाही’ म्हणायचंच नाही, पर्याय सुचवायचा. इंजिनियर नको, टेक्निशियन हो. हळूहळू पोरगं स्वतःच म्हणायला लागतं, आपल्याला झेपत नाही.

क्लार्कनं याला दिलेला शब्द ठगांच्या दुनियेतून आला होता. आठ वर्षं आधी, 1952 मध्ये, अर्विंग गॉफमन यानं त्यावर लिहिलं होतं. बकरा कापून झाला की ठगांच्या टोळीतला एकजण त्याच्याजवळ थांबतो, गोड बोलतो, त्याला थंड करतो. म्हणजे तो पोलिसांत जात नाही, बोभाटा होत नाही.

क्लार्क काही कॉलेजवर दात धरून नव्हता. त्याचं म्हणणं, जो समाज सगळ्यांना स्वप्न दाखवतो आणि जागा थोड्यांनाच देतो, त्याला अशी यंत्रणा लागतेच. नंतरच्या टीकाकारांनी मात्र बोट नेमक्या जागी ठेवलं : थंड केली जाणारी पोरं बहुतेक गरिबाघरचीच कशी?

हे चित्र पालटायला अर्धशतक गेलं. 2010 मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला, की कम्युनिटी कॉलेजची ठरावीक पदवी घेतली की स्टेट युनिव्हर्सिटीत पुढच्या दोन वर्षांसाठी जागेची हमी. ही पदवी मानसशास्त्रातही मिळते. 2017 च्या कायद्यानं तर प्रवेश चाचणीचाच जोर काढून घेतला : हायस्कूलमधले गुण बघा, आणि सबळ कारण नसेल तर पोरांना पायाभूत वर्गांत अडकवू नका. ज्या विषयाच्या नावानं स्वप्नं छाटली जात होती, तोच विषय आता विद्यापीठात जायचा रस्ता झाला.

याचा आपल्याशी संबंध काय? आहे. कम्युनिटी कॉलेजची कल्पना यूजीसीनं 2013 मध्ये योजना म्हणून आपल्याकडं आणली. 2016 पासून राज्य मंडळानं दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली. त्या चाचणीवर प्रवेश अवलंबून नव्हता, हे खरं. मार्गदर्शन वाईट असतं असंही माझं म्हणणं नाही. चुकीच्या शाखेत गेलेल्या पोराचे हाल आपण सगळ्यांनी पाहिलेत.

पण ‘याचा कल नाही’ हे वाक्य कुणाच्या पोराला ऐकवलं जातं, तेवढं बघा. डॉक्टरच्या मुलाला गणित जमलं नाही तर ट्यूशन लागते. ऊसतोड मजुराच्या मुलाला जमलं नाही तर आयटीआयचा सल्ला मिळतो. आयटीआयमध्ये कमीपणा काहीच नाही. फक्त तो सल्ला दोघांनाही मिळायला हवा, आणि ट्यूशनही दोघांना.

चाचणी पोराला आज काय येतं एवढंच सांगते. त्याला उद्या काय येईल, हे शिकवणाऱ्यावरही असतं. म्हणून शाळेत समुपदेशक आला की त्याला एकच प्रश्न विचारा : साहेब, तुम्ही या पोराला वाट दाखवताय, की थंड करताय?