कोराल : गायकवृंदाचं नाव, लोकांचं गाणं

‘कोराल’ या शब्दाच्या पोटात चर्चमधला गायकवृंद आहे. लॅटिनमध्ये ‘कान्तुस कोरालिस’ म्हणजे गायकवृंदाने एका सुरात म्हणायचं उपासनागान. जर्मनीत या ग्रेगोरियन गायनाला आजही कोरालच म्हणतात. पुढे हेच नाव साध्या भाविकांच्या गाण्यालाही मिळालं.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई. सणावारी एखादं जर्मन गीत लोकांच्या वाट्याला येई. एरवी गाणार पाद्री आणि गायकवृंद. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला हे मंजूर नव्हतं. देवाचं वचन लोकांच्या तोंडी गाण्यातून रुळावं, ही त्याची तळमळ. तो स्वतः ल्यूट हे तंतुवाद्य वाजवी. १५२३च्या अखेरीस त्याने स्पालाटिन या मित्राला पत्र लिहून बायबलातल्या स्तोत्रांवर जर्मन गीतं रचायला सांगितलं. अट अशी : शब्द साधे, रोजचे हवेत; दरबारी नकोत. १५२४ साली न्यूरेंबर्गला आठ गीतांची पुस्तिका निघाली. त्यांतली चार ल्यूथरची. आठ गीतांना चाली मात्र पाचच.

चाली कुठून आल्या? काही जुन्या लॅटिन गीतांच्या, काटछाट केलेल्या. काही थेट लोकांतल्या : ल्यूथरचं एक नाताळगीत आधी कोडी घालायच्या गाण्याच्या चालीवर म्हटलं जाई. अनेक कोरालांत सुरुवातीची चाल लगेच पुन्हा येते, मग वेगळा भाग. दुसऱ्या खेपेला ती ओठांवर बसलेली असते. पुस्तक हाती नसलेले लोक असं ऐकून ऐकूनच शिकले. सूर धरून द्यायला शाळकरी मुलं असत.

एक अडचण उरली. संगीतकार योहान वाल्टरने १५२४ मध्येच ही गीतं अनेक आवाजांत बांधली. पण मुख्य चाल बहुधा मधल्या, टेनरच्या आवाजात. ती लोकांना पकडता येणं अवघड. १५८६ साली लुकास ओसियांडर या पाद्र्याने चाल सर्वांत वरच्या आवाजात आणली, ती लोकांना गायकवृंदाबरोबर गाता यावी म्हणूनच.

पुढे संगीतकार बाखने आपल्या रचनांत हे कोराल घेतले, तेही तयारीच्या गायकांसाठी. त्याच्या स्वरलिपीत प्रत्येक ओळीच्या शेवटी उलट्या चंद्रबिंदूसारखी एक खूण दिसते. तिथे ओळ संपते, गाणारे श्वास घेतात. गायकवृंदाचं नाव लोकांच्या गाण्याला मिळालं होतं; आता गायकवृंदच लोकांची चाल गात होता.